गल्ली वजा वैशालीबाई

बातमी वाईट असली की ती सांगायला सगळ्यात सभ्य माणूस पुढे केला जातो. बोडीखेड्याच्या मिल गल्लीत हा मान प्रफुल्ल बांतेचा होता. कापडाचं दुकान, बोलणं मऊ, कुणाशी वैर नाही, आणि वर व्यापारी मंडळाचा अध्यक्ष. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झालेला अध्यक्ष, पण अध्यक्ष तो अध्यक्षच.

त्या दुपारी तो रोजच्यासारखा वैशाली हेडाऊंच्या सावजी भोजनालयात जेवायला बसला होता आणि भाकर नुसती कुस्करत होता. पानावरून उठण्याआधी त्याला सांगायचं होतं की वैशालीबाई, तुमची चूल या गल्लीतून हलवा. ज्या बाईच्या हातचं आपण वर्षानुवर्षं जेवलो, तिला तिच्याच ताटावर बसून असं सांगायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

आता हे असं का झालं, ते सांगितलं पाहिजे.

बोडीखेडा गाव जुनंच, भंडाऱ्याकडचं, धानाचं आणि तलावांचं. पण उन्हाळा नवा होता. वैशाखात पारा असा चढायचा की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. गिऱ्हाईक घरबसल्या माल मागवायचं आणि दुकानदार माशा मारत बसायचे. तेव्हा नगरपरिषदेनं एक शहाणपणाचं काम केलं. नगरपरिषदा अधूनमधून अशी कामं करतात, आपलंच लक्ष नसतं. ठराव झाला की जी बाजारगल्ली स्वतःला थंड ठेवील, तिच्या दुकानांना दहा वर्षं मालमत्ता करात भरघोस सूट. सूट गल्लीला, एकट्यादुकट्या दुकानाला नाही. उष्णता काही शेजाऱ्याचं शटर पाहून थांबत नाही, असं नगराध्यक्षीण बाई भाषणात म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

थंड राहायची वस्तू बाजारात आली होतीच. शीतलेप. दिसायला निव्वळ चुना, पण त्यामागचं विज्ञान मोठं देखणं. जगातली प्रत्येक वस्तू न दिसणाऱ्या किरणांतून उष्णता बाहेर टाकत असते. तव्याजवळ हात नेला की न शिवताही झळ लागते, ती त्यातलीच. यातले बरेचसे किरण हवा वाटेतच गिळते, म्हणून उष्णता आपल्याच आसपास घुटमळत राहते. पण ठरावीक तरंगलांबीच्या किरणांना हवा अडवत नाही. तेवढी एक खिडकी आभाळाकडे कायम उघडी असते. शीतलेपातले बारीक कण ऊन परतवून लावतात आणि छपरातली उष्णता नेमकी त्या खिडकीतून पार अवकाशात भिरकावून देतात. वीज नाही, मोटार नाही, आणि भर उन्हात छप्पर हवेपेक्षा गार. मिल गल्लीनं तर या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पत्र्याचं छप्पर घालून त्यावर लेप दिला होता. एका टोकाला तलाव, दुसऱ्या टोकाला वैशालीबाई, आणि मध्ये सावलीच सावली.

सूट कुणाला द्यायची हे ठरवायला ‘वजाबाकी’ आली. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते फलकावरच राहिलं. गल्लीच्या खांबाखांबावर उष्णता पाहणारे डोळे बसवले. वर्षभर ते टिपत राहिले आणि त्यावरून संगणकात गल्लीची जुळी बहीण तयार झाली. तेच ऊन, तीच छपरं, त्याच भिंती. मग संगणक या जुळ्या गल्लीतून एकेक दुकान उचलून बाजूला ठेवायचा आणि पाहायचा, हे दुकान नसतं तर गल्ली किती तापली असती? दुकान काढल्यावर गल्ली तापली, तर दुकान गुणाचं. काढल्यावर गल्ली निवली, तर दुकान उपद्रवी. दुकानाच्या पाटीवर एक दिवा असायचा, गुणी दुकानाला निळा, उपद्रवी दुकानाला लाल.

मिल गल्ली सगळी निळी झाली. एक वैशालीबाई सोडून.

तिचं भोजनालय जुन्या राइस मिलच्या बॉयलरघरात होतं. मिल बंद पडून जमाना झाला, पण विटांचं उंच धुराडं अजून उभं होतं. वैशालीबाईच्या सासूनं त्याच्या बुडाशी चुली मांडल्या आणि धुराला आयती वाट मिळाली. धानाच्या तुसाच्या विटा जाळून त्या चुली सकाळपासून धगधगायच्या. मटणाचा झणझणीत सावजी रस्सा गॅसवर होत नाही असं नाही. होतो, पण मग त्याला सावजी म्हणायला जीभ वळत नाही. तर त्या चुलींमुळे तिचा दिवा लालभडक, आणि तिच्या एकटीच्या लालीनं अख्ख्या गल्लीची सरासरी बिघडून सूट थोडक्यात हुकत होती.

मंडळाच्या बैठकीत सेलोकर मेडिकलवाल्यानं तोंड उघडलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला गप्प बसता यायचं नाही. एका बाईपायी सगळ्यांनी कर काहून भरायचा, असं तो म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि मग सगळ्यांनी प्रफुल्लकडे पाहिलं.

प्रफुल्लची अडचण वेगळीच होती. त्याची बायको जाऊन वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला. वैशालीबाईचा नवराही गेलेला. दुपारचं जेवण तिच्याकडे, हा त्याच्या दिवसाचा कणा होता. वैशालीबाई सगळ्या गल्लीला भाऊ म्हणायची, सेलोकरभाऊ, अमकेभाऊ, तमकेभाऊ. याला मात्र शेठ. यातून प्रफुल्लनं काय समजायचं ते समजून घेतलं होतं आणि समजून गप्प बसला होता. भित्रा होता बिचारा, दुसरं काय.

तर त्या दुपारी, ताटावर, त्यानं एकदाचं सांगून टाकलं. सरासरी, दिवे, दहा वर्षांची सूट, सगळं. वैशालीबाईनं हातातली पळी खाली ठेवून ऐकलं.

“हे यंत्र म्हणते का गल्ली म्हणते?”

“यंत्र म्हणते. गल्ली ऐकते.”

“अन् तुम्ही?”

खरं बोलायची हीच वेळ होती. पण नेमकी अध्यक्षाची खुर्ची आडवी आली. “मी अध्यक्ष आहो न,” प्रफुल्ल म्हणाला.

वैशालीबाईनं पळी पुन्हा उचलली. गल्लीच्या पोटावर पाय देऊन चूल पेटवणारी बाई आपण नाही, अक्षय तृतीयेपर्यंत मुदत द्या, एवढंच ती म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं उलट त्याला भात वाढला.

अक्षय तृतीया झाली आणि चूल विझली. वैशालीबाईनं बायपासला एक टिनाचं शेड भाड्यानं घेतलं, गॅसच्या शेगड्या मांडल्या आणि ट्रकवाल्यांना जेवू घालायला लागली. गल्लीत सगळे दिवे निळे झाले. करसवलतीचं पत्र आलं, पेढे वाटले, नगराध्यक्षीण बाईंच्या हस्ते फीत कापली. प्रफुल्लच्या गळ्यात हार पडला आणि तो त्याला काचत राहिला.

दुसऱ्याच दिवशी तो स्कूटर काढून बायपासला गेला. वैशालीबाई फडकं खांद्यावर टाकून पुढे आली.

“काय घेता भाऊ?”

त्या दिवशी तो काय जेवला ते त्याला आठवत नाही. भाऊ तेवढं आठवतं.

इकडे गल्लीत काहीतरी बिघडायला लागलं. पहिल्यांदा लक्षात आलं ते साड्या पाहायला आलेल्या बायकांमुळे. एरवी तास तास बसून दुकान उपसायला लावणाऱ्या बायका दोन साड्या पाहून पदरानं वारा घेत उठायला लागल्या. छप्पर गार होतं, भिंती गार होत्या, पण श्वास कोंडायचा. प्रत्येक दुकानाच्या एसीचा डबा गल्लीतच गरम हवा ओकायचा. आधीही ओकायचा, पण ती हवा जायची कुठे हे कुणी विचारलं नव्हतं. आता ती कुठेच जात नव्हती. पत्र्याखाली भरून राहिली होती आणि एसी तीच हवा घेऊन आणखी तापत होते. आठवडाभरात गिऱ्हाईक पांगलं. पाट्यांवरचे दिवे मात्र निळेच. रिकाम्या गल्लीत ती निळाई पाहून हसावं का रडावं कळत नव्हतं.

“नगरपरिषदेत जाऊन सांगतो,” प्रफुल्ल म्हणाला.

सेलोकर घाबरला. सूट मिळाली आहे, पत्र आलं आहे, आता फाइल उघडली तर सूट जाईल, निजल्या सापाला काहून डिवचता, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाईक काय, पाऊस पडला की येईल परत. बाकीच्यांनी पुन्हा माना डोलावल्या. यावेळी मात्र प्रफुल्लनं त्या मानांकडे पाहिलं नाही. गिऱ्हाईक गेलं म्हणून तो निघाला होता असं कुणी समजू नये. त्याच्याच्यानं दुपार काढवत नव्हती, म्हणून निघाला होता.

नगरपरिषदेत वजाबाकीचं काम अन्वी मेश्रामकडे होतं. नागपूरहून नुकती आलेली तरुण अभियंता, हसतमुख, आणि आपल्या यंत्राबद्दल वाईट ऐकून न रागावणारी. अशी माणसं खात्यात जपून ठेवली पाहिजेत. तिनं प्रफुल्लला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

“खांबावरचे डोळे भिंती आणि छपरं पाहतात काका. हवा त्यांना दिसत नाही,” ती म्हणाली. “हवेचा हिशेब संगणक स्वतः मांडतो. आणि छप्पर घातलेली गल्ली असली की वारा शून्य धरायचा, असा नियम मूळ कंपनीनंच घालून दिलाय.”

मग तिनं वैशालीबाईच्या भोजनालयाची वर्षभराची नोंद पडद्यावर आणली आणि कपाळाला आठी घातली. चूल पेटलेली आणि चूल विझलेली अशा दोन्ही दिवसांची तुलना करून संगणक शिकला होता की चूल विझली की गल्ली निवते. पण विझलेले दिवस वर्षात इकडेतिकडे विखुरलेले नव्हते. सगळे ओळीनं एकाच ठिकाणी होते, आणि उन्हाळ्यात एकही नव्हता. हे कोणते दिवस, असं तिनं विचारलं.

प्रफुल्लनं पडदा पाहिला आणि त्याला हसूच आलं. “श्रावण. हेडाऊंच्या घरी श्रावणात चूल पेटत नाही. सासूपासूनचा नेम आहे. तेवढा महिना आम्ही घरी वरणभात खातो.”

अन्वीनं कपाळावर हात मारून घेतला. श्रावणात पाऊस असतो, वारा असतो. त्या दिवसांत गल्ली निवते ती वाऱ्यानं. पण संगणकाच्या लेखी वारा नव्हताच, म्हणून त्यानं सगळं श्रेय विझलेल्या चुलीला देऊन टाकलं होतं. श्रावणात सावजीची चूल थंड असते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि कंपनीला ते सांगावं असं कुणालाही सुचलं नव्हतं. उन्हाळ्यात ती चूल विझलेली तर यंदाच्या आधी गल्लीनं कधी पाहिलीच नव्हती. वैशालीबाईचा नवरा गेला तेव्हा ती बंद राहिली, पण तेही थंडीत.

आता खात्री करायची तर चूल पुन्हा पेटवून पाहायला हवी होती. म्हणजे वैशालीबाईला विचारायला हवं होतं. अन्वीनं प्रफुल्लकडे पाहिलं. वाईट बातमीसारखंच अवघड कामही सभ्य माणसाच्याच वाट्याला येतं.

बायपासला तो पोचला तेव्हा शेडमध्ये गर्दी होती. त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं, की यंत्र चुकलं असावं.

“यंत्राचं जाऊ द्या, मीच चुकलो. तुम्ही विचारलं तवा मी म्हटलं अध्यक्ष आहो. तसं नव्हतं म्हणायचं. नका जाऊ म्हणायचं होतं.”

वैशालीबाईच्या हातातली भाकर तव्यावर जरा जास्तच भाजली. मग तिनं कमरेची किल्ली सोडून त्याच्या हातावर ठेवली. गिऱ्हाईक अर्ध्या ताटावर टाकून ती येणार नव्हती. तुम्हीच पेटवा आणि पाहा, असं म्हणून ती वळली.

बॉयलरघराचं दार उघडलं तेव्हा मागे सेलोकर, अन्वी आणि अर्धी गल्ली होती. सेलोकर चुलीत तुसाच्या विटा रचायला लागला. प्रफुल्लनं त्याला थांबवलं. तो आधी धुराड्याच्या बुडाशी गेला, तिथलं लोखंडी झाकण उघडलं आणि पळसाच्या वाळल्या पानांचा भारा आत ठेवून पेटवला. चूल राहिली तिकडे अन् हे काय भलतंच, असं सेलोकर पुटपुटला. पानांचा धूर पहिल्यांदा खालीच उतरला, सगळ्यांना ठसका लागला. मग धूर घुटमळला, आणि एकाएकी सुर्रकन वर ओढला गेला. धुराड्यातली गार, जड हवा तापून हलली होती. तेव्हा कुठे प्रफुल्लनं चूल पेटवली.

सगळे गल्लीत येऊन उभे राहिले. थोडा वेळ काहीच झालं नाही. सेलोकर बोलायला तोंड उघडणार, इतक्यात प्रफुल्लच्या दुकानासमोर टांगलेल्या साड्यांचे काठ हलले. मग सगळ्या साड्या एका बाजूला, मिलच्या दिशेनं, हळूच कलल्या. तलावाकडून ओला, शेवाळाच्या वासाचा वारा आला आणि लोकांच्या घामेजलेल्या मानांवरून गेला. अन्वीच्या हातातली वारा मोजायची चकरी गरगर फिरायला लागली. ती लहान मुलीसारखी हसली.

मग तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं. तापलेली हवा हलकी होते आणि वर चढते. धुराडं जितकं उंच तितका तिचा चढण्याचा जोर मोठा, आणि ती वर गेली की मागची हवा तिची जागा घ्यायला ओढली जाते. उघड्या गल्लीत ही ओढ चार हातांवर विरून गेली असती. पण इथे वरून छप्पर, दोन्ही बाजूंनी दुकानं. गल्ली म्हणजे एक आडवी नळीच झाली होती आणि धुराडं तिला जोडलेली उभी नळी. एका टोकाला तलाव, दुसऱ्या टोकाला आग. चूल आपली उष्णता वर फेकत होतीच, जाताजाता सगळ्या एसींची उष्णताही घेऊन जात होती. गल्लीला वारा घालत होती ती वैशालीबाई, आणि गल्लीनं पंखाच काढून बायपासला नेऊन ठेवला होता.

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. सेलोकर सगळ्यात मोठ्यानं. तेवढ्यात मागून आवाज आला.

“आधी पानं जाळाची, हे कोनं सांगितलं तुमाले?”

वैशालीबाई खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसत उभी होती. गिऱ्हाईक अर्ध्या ताटावर टाकूनच आली होती.

“कोनी नाही,” प्रफुल्ल म्हणाला. “दुकानातून दिसते. रोज पाहतो.”

ती वळली. आत गेली आणि विटा उगीचच नीट रचायला लागली.

पुढे सगळं रीतसर झालं. अन्वीनं यंत्रात वारा घातला, श्रावण घातला आणि अहवाल मांडला. सूट जाईल ही सेलोकरची भीती खोटी ठरली. मिल गल्लीची सूट कायम राहिली, आणि तिच्यातला मोठा वाटा वैशालीबाईला मिळाला. ती परतल्याच्या दिवशी अन्वीनं गल्लीच्या तोंडाशी मोठा पडदा लावला आणि सगळ्यांसमोर वजाबाकी करून दाखवली. ‘गल्ली वजा वैशाली हेडाऊ’ असं तिनं लिहिलं आणि पडद्यावरची अख्खी गल्ली निखाऱ्यासारखी लाल झाली. टाळ्या पडल्या. भोजनालयाच्या पाटीवरचा दिवा निळा झाला तेव्हा वैशालीबाईनं डोळ्याला पदर लावला. धूर गेला म्हणाली.

मग काय, सगळ्यांनाच हौस आली. आम्हालेही वजा करा मॅडम. सेलोकरला वजा केलं, गल्ली चिमूटभर तापली. त्याच्या छपराचा लेप चांगला निघाला. तो असा मिरवायला लागला की जसं काही यानंच तलाव खणला. एकेक दुकान झालं आणि शेवटी अध्यक्षांची पाळी आली. अन्वीनं कापडाचं दुकान वजा केलं.

काहीच झालं नाही. गल्ली होती तशीच राहिली. पडद्यावर अक्षरं उमटली : फरक शून्य.

हशा झाला. अध्यक्ष असले काय नसले काय, सारखंच, असं सेलोकर ओरडला. प्रफुल्लही हसला, पण ते हसू त्याच्या चेहऱ्यावर फार वेळ टिकलं नाही. या वयात माणसाला असं कळावं, आणि तेही पडद्यावर. त्यानं दुकानाकडे वळायला पाऊल उचललं.

“मॅडम,” वैशालीबाईनं विचारलं, “तुमचे हे डोये माह्या भोजनालयाच्या आत आहेत का?”

“नाही काकू. फक्त गल्लीतल्या खांबांवर.”

“तरीच.”

ती दोन पायऱ्या उतरून गल्लीत आली. लोक अजून हसत होते.

“बायपासले बसून हा हिशेब मी करून पाह्यला शेठ. सारंच होतं तिथं. गॅस होता, गिऱ्हाईक होतं. अन् दुपार झाली का सारखं दाराकडं पाहत बसो मी. स्वयंपाकात मन लागे नाही.” तिनं खांद्यावरचं फडकं नीट केलं. “त्या यंत्राले काय विचारता? मले विचारा न.”

गल्लीत फक्त वारा तेवढा वाहत होता. सेलोकरनं, जन्मात पहिल्यांदाच, तोंड उघडलं नाही.

आणि प्रफुल्लनं, सगळ्या गल्लीदेखत, विचारलं.